संख्याशास्त्र म्हणजे अहेतुवाद नव्हे

अतिऊर्जेच्या टकरींतून नवे कण कसे निर्माण होतात, याचे गणित आज संख्याशास्त्राच्या आधारे मांडले जाते. हे ऐकून कोणी म्हणतो, सृष्टीत सारे योगायोगानेच घडते. कोणी म्हणतो, विज्ञानाने बुद्धवचन सिद्ध केले. आमच्या मते ही दोन्ही विधाने उतावीळपणाची आहेत.

प्रथम विषय समजून घेऊ. १९५० साली एनरिको फर्मी यांनी असे प्रतिपादन केले की, दोन कण प्रचंड वेगाने आदळले असता त्यांची ऊर्जा अत्यल्प जागेत कोंडली जाते व शक्य त्या सर्व अवस्थांत विभागली जाते. त्यामुळे प्रत्येक कणाचा मागोवा न घेताही कोणते कण किती निपजतील, याचा हिशेब करता येतो. १९६५ साली जिनिव्हाच्या सर्न संस्थेतील रॉल्फ हागेडॉर्न यांनी हा विचार पुढे नेला. त्यांच्या मांडणीनुसार ऊर्जा वाढविली तरी तापमान एका मर्यादेपलीकडे जात नाही. अधिकची ऊर्जा नवनवे कण निर्माण करण्यातच खर्ची पडते.

सर्नच्या २७ किलोमीटर परिघाच्या यंत्रात २०१० साली शिशाच्या अणुकेंद्रांच्या टकरी सुरू झाल्या. अशा एका समोरासमोरच्या टकरीतून हजारो कण बाहेर पडतात. त्यांतील एखादा कोणत्या दिशेस जाईल, हे आधी सांगता येत नाही. तथापि असंख्य टकरींचा हिशेब केला असता त्यांची प्रमाणे निश्चित आढळतात. पायॉन हलका, म्हणून विपुल. प्रोटॉन त्याच्या जवळजवळ सातपट जड, म्हणून विरळ. प्रोटॉन, ड्यूटेरॉन, हेलियम-३ या क्रमाने दर पायरीस संख्या सुमारे ३०० पटींनी घटते. ही प्रमाणे मुख्यतः एकाच तापमानावरून उलगडतात. ते सुमारे १.८ लाख कोटी केल्विन, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक आहे. एकेका कणाविषयी अनिश्चितता असली, तरी समूहाला नियम आहे आणि त्या नियमाला कारणे आहेत.

अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातील तित्थसुत्तात भगवंतांनी तीन मते खोडून काढली आहेत: सारे पूर्वकर्माने घडते, सारे ईश्वरनिर्मित आहे, आणि सारे हेतू व प्रत्यय यांवाचून घडते. या सुत्ताचा विषय मनुष्याची सुखदुःखे हा आहे, पदार्थकण नव्हे. ही मर्यादा आम्ही विसरता कामा नये. तीनही मते त्याज्य ठरतात, कारण ती मानल्यास कर्तव्य-अकर्तव्याचा विवेक व प्रयत्न यांना अर्थच उरत नाही.

पूर्वकर्माच्या नावाखाली ज्या समाजाचे माणूसपण हिरावले गेले, त्याने आता योगायोगाला शरण जावे काय? विज्ञानात त्यास आधार नाही. त्याचप्रमाणे धम्माच्या गौरवासाठी तथागतांच्या मुखी भौतिकशास्त्र घालण्याचेही प्रयोजन नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्धवचनाची पारख करताना बुद्धिसंगतीची कसोटी सांगितली. तीच कसोटी बुद्धाच्या नावे केल्या जाणाऱ्या आमच्या दाव्यांनाही आम्ही लावली पाहिजे.