घड्याळातला अर्धा तास



दर शनिवारी रात्री साडेनऊला मी न्यू जर्सीहून आईला पुण्याला फोन करतो. तिथे तेव्हा रविवार सकाळचे सात. गेल्या नोव्हेंबरात इथली घड्याळे तासभर मागे गेली आणि मी सवयीने साडेनऊलाच फोन लावला. तिकडे आठ वाजले होते. आई सातपासून फोनपाशी बसून! "सगळं ठीक आहे ना रे?" हेच तिचे पहिले वाक्य.

लेकीने विचारले, "बाबा, आजीच्या घड्याळात तो अर्धा तास कुठून आला?" इंजिनीअर असूनही मी गडबडलो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरते. ८२.५ ला १५ ने भागा, साडेपाच येतात. म्हणून आपण ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. (नेपाळ तर पावणेसहा तास!) १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ लागू झाली. पण ऐकतील ते मुंबईकर कसले! त्यांनी ३९ मिनिटे मागे असलेला आपला 'बॉम्बे टाइम' पुढेही कित्येक वर्षे चालवला.

भारतात घड्याळे पुढे-मागे होत नाहीत, इथे होतात. २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी तासभर पुढे, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरून भारत उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा.

आता हिवाळ्यात मी साडेआठलाच फोन लावतो.