मरायला नकार देणाऱ्या पेशी : डेव्हिड वॉक्स यांच्या संशोधनातून काय समजले?

कर्करोग म्हणजे काय, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, 'शरीरातील पेशी बेसुमार वाढतात तो आजार.' हे उत्तर चूक नाही, पण अर्धे आहे. ज्या पेशींनी वेळेवर मरायला हवे त्या मरत नाहीत, ही त्याची दुसरी बाजू. ती १९८८ साली ऑस्ट्रेलियातील डेव्हिड वॉक्स या तरुण संशोधकाने दाखवून दिली.

पेशींचे मरणे हे निरोगी शरीराचे रोजचे काम आहे. आईच्या पोटात बाळाचा हात आधी वल्ह्यासारखा चपटा असतो. मधल्या पेशी ठरल्याप्रमाणे मरतात, म्हणून बोटे सुटी होतात. १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी अशा शिस्तबद्ध मृत्यूला 'अपोप्टोसिस' हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ झाडाची पाने गळणे असा आहे.

पुढे १९८४ च्या सुमारास एका प्रकारच्या रक्तपेशींच्या कर्करोगात 'बीसीएल-२' नावाचे जनुक सापडले. तोपर्यंत माहीत असलेली कर्करोगाची जनुके पेशींची वाढ भडकवणारी होती. त्यामुळे हेही तेच करत असेल, असे वाटणे साहजिक होते.

वॉक्स तेव्हा मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांच्याकडे पीएच.डी. करत होते. त्यांनी हे जनुक रक्तपेशींमध्ये घातले आणि त्या पेशींना जगण्यासाठी लागणारा घटक काढून घेतला. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ असलेल्या पेशी वाढल्या नाहीत, पण मेल्याही नाहीत. म्हणजे हे जनुक वाढ करत नव्हते, मृत्यू रोखत होते! अशी न मरणारी पेशी टिकून राहते. तिच्यात पुढे वाढ भडकवणारा दुसरा बिघड झाला की धोका कित्येक पटींनी वाढतो.

१९९२ साली वॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाचे हेच जनुक एका सूक्ष्म कृमीत घातले. तिथेही ठरलेल्या पेशींचा मृत्यू थांबला. म्हणजे मृत्यूची ही यंत्रणा कृमीपासून माणसापर्यंत जवळपास सारखीच आहे.

ही यंत्रणा चालते कशी? पेशीला ऊर्जा देणाऱ्या तंतुकणिकांना 'बॅक्स' आणि 'बॅक' ही प्रथिने भोके पाडतात. त्यातून बाहेर पडलेल्या रसायनांमुळे पेशीचे आतून तुकडे होतात. बीसीएल-२ प्रथिन या दोघांना अडवून धरते. मग या पहारेकऱ्यालाच बाजूला केले तर?

त्यातूनच 'व्हेनेटोक्लॅक्स' ही गोळी आली. ती बीसीएल-२ ला चिकटते आणि थांबलेला मृत्यू पुन्हा सुरू होतो. क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाच्या काही रुग्णांसाठी अमेरिकेत तिला २०१६ साली मान्यता मिळाली. या रुग्णांच्या पेशींमध्ये १७ व्या गुणसूत्राचा एक भाग नसतो. त्या भागावर 'पी-५३' हे जनुक असते आणि नेहमीची केमोथेरपी बरीचशी त्याच्यावरच अवलंबून असते. म्हणून जिथे केमोथेरपी तोकडी पडत होती, तिथे नवी वाट मिळाली.

मात्र ही जादूची गोळी नाही. कर्कपेशी एकदम मेल्या तर त्यातून सुटणाऱ्या पदार्थांचा मूत्रपिंडावर आणि हृदयावर घातक परिणाम होऊ शकतो. म्हणून या आजारात रोज २० मिलिग्रॅमपासून सुरुवात करून पाच आठवड्यांत ४०० मिलिग्रॅमपर्यंत डोस वाढवतात आणि वारंवार रक्त तपासतात. ती सगळ्या कर्करोगांवर चालत नाही. काही रुग्णांमध्ये आजार उलटतोही.

प्रयोगशाळेतल्या त्या निरीक्षणापासून औषधापर्यंत २८ वर्षे गेली. या काळात शेकडो लोकांनी प्रत्येक पायरी तपासून पाहिली. म्हणूनच 'आठ दिवसांत कॅन्सर बरा' असे सांगणारा कुणी भेटला, तर तरुणांनी त्याला सरळ विचारावे : तुमचे औषध पेशीत नेमके काय करते आणि ते कुणी तपासले? कर्करोग हा शाप नाही की मागच्या जन्मीच्या पापाचे फळ नाही. तो पेशीतला बिघाड आहे. आपल्या वस्तीत कुणाला गाठ आली, वजन विनाकारण घटू लागले किंवा नको तिथून रक्त जाऊ लागले, तर त्या माणसाला अंगारे-धुपाऱ्यात अडकू न देता वेळेत डॉक्टरकडे घेऊन जाणे, एवढे तरी आपण करू शकतो.