आधी वसतिगृह, मग हायस्कूल

शंभर वर्षांपूर्वी सातारा जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या मुलाचे शिक्षण फार तर मराठी सातवीपर्यंत जाई. हायस्कूल असे ते मोठ्या गावी. तिथे फीइतकाच बिकट प्रश्न राहण्या-जेवण्याचा होता, आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुलाला तर भाड्याने खोली मिळणेही मुश्कील.

भाऊराव पाटलांनी हे नेमके हेरले. कऱ्हाड तालुक्यातील काले येथे ४ ऑक्टोबर १९१९ रोजी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये संस्था साताऱ्याला आली, तेव्हा तिथे आधी उभे राहिले ते वसतिगृह. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग’ असे नामकरण झाले. संस्थेचे पहिले हायस्कूल, साताऱ्याचे महाराजा सयाजीराव हायस्कूल, निघायला १९४० साल उजाडले.

बोर्डिंगात सगळ्या जातींची मुले एका पंगतीत जेवत; त्या काळी हे साधे धाडस नव्हते. स्वयंपाक, झाडलोट, पाणी भरणे ही कामे मुलेच करीत. मदत म्हणून मिळणारे धान्य पुरेना, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने, अगदी मंगळसूत्रही, मोडले. हायस्कूलच्या मुलांसाठी ‘कमवा आणि शिका’ ही पद्धत होती: शेतात किंवा बांधकामावर राबायचे आणि त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा. या योजनेचे कौतुक पुष्कळ झाले. दिवसा खोरे चालवून रात्री भूमिती सोडवणे किती जड जात असेल, हे मात्र फारसे कुणी लिहिले नाही.

स्वातंत्र्यानंतर हायस्कुले गावोगाव पोहोचली. प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेच्या, तर हायस्कूल बहुधा सरकारी अनुदानावर चालणाऱ्या खासगी संस्थेचे, अशी विभागणी महाराष्ट्रात रुळली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना सुरू झालेल्या ई.बी.सी. (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) सवलतीने गरीब घरांतील मुलांची फी माफ झाली. अकरावीची मॅट्रिक जाऊन १९७५ पासून दहावीची शालान्त परीक्षा आली.

अंतराचा प्रश्न आता एस.टी.वर येऊन ठेपला आहे. पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मोफत पास मिळतो, त्यामुळे वाड्यावस्त्यांवरच्या मुलींची शाळा सातवीनंतर सुटण्याचे एक कारण कमी झाले. तरी दहावीचा जादा तास किती वेळ चालवायचा, हे अनेक ठिकाणी संध्याकाळच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहूनच ठरते.