आठवणीचा विश्वस्त

भिंतीवरील दिनदर्शिका आणि मुलांचीं इतिहासाचीं पुस्तकें ह्यांमुळें 'इसवी सन' हे शब्द इतके अंगवळणीं पडले आहेत कीं, ही गणना कोणीं तरी मुद्दाम रूढ केली असेल, हें सहसा मनांतहि येत नाहीं. डायोनिसियस एक्सिग्युअस ह्या रोममधील ख्रिस्ती संन्याशानें ती इ. स. ५२५ मध्यें बसविली. पण त्याचा हेतु ईस्टरच्या सणाचे दिवस ठरविण्यापुरताच होता. तिच्या आधारें एका लोकसमाजाचा सबंध इतिहास सांगण्याचें काम दोन शतकांनंतर ईशान्य इंग्लंडमधील बीड नांवाच्या मठवासी पंडितानें केलें. इंग्लिश लोकांच्या धर्मसंस्थेचा हा लॅटिन इतिहास त्यानें इ. स. ७३१ मध्यें पुरा केला, आणि त्याच्या प्रतींबरोबर ही गणनाहि युरोपांत पसरत गेली.

बीडचा जन्म इ. स. ६७३ च्या सुमाराचा. सातव्या वर्षीं आप्तांनीं त्याला वेअरमथच्या मठांत बेनेडिक्ट बिस्कप ह्या मठाधिपतीच्या हवालीं केलें. बिस्कपनें रोमच्या अनेक वाऱ्या केल्या होत्या व तेथून त्यानें ग्रंथांचा मोठा संग्रह जमविला होता. त्यानें चित्रेंहि आणलीं; अक्षरओळख नसलेल्या मनुष्यालाहि पवित्र कथा डोळ्यांनीं कळावी, हा त्यांतील उद्देश.

ह्या मठाची दुसरी शाखा जॅरो येथें निघाली. तेथें इ. स. ६८६ च्या सुमारास साथ शिरली. प्रार्थनेंतील गीतें म्हणूं शकणारे सारे मरण पावले; उरले मठाधिपति केओलफ्रिथ व एक लहान मुलगा. दुःखाच्या भरांत केओलफ्रिथनें उपासनेचा कांहीं भाग गाळला. पण आठवड्याच्या वर त्याला तें सोसवेना. मग त्या दोघांनींच, रडत रडत कां होईना, पूर्वीचा संपूर्ण क्रम पुन्हा चालू केला. तो मुलगा बीडच असावा, असें पुष्कळ अभ्यासक मानतात. तसें असल्यास, एका पिढीचें ज्ञान दुसऱ्या पिढीच्या हातीं पडतांना मध्यें किती बारीक धागा असतो, हें त्याला फार लवकर कळलें असलें पाहिजे.

म्हणूनच कीं काय, कोणती गोष्ट कोणाकडून मिळाली हें सांगण्याविषयीं तो अत्यंत दक्ष असे. आपल्या इतिहासाच्या प्रस्तावनेंत त्यानें माहिती देणारांचीं नांवें सांगितलीं आहेत. कँटरबरीच्या आल्बिनसनें त्याला उत्तेजन व साहित्य दिलें. लंडनच्या नॉथेल्मनें रोमला जाऊन पोपच्या दप्तरांतील पत्रें शोधून आणलीं. संत कथबर्टचें चरित्र लिहितांना त्यानें तें लिंडिसफार्नच्या वृद्ध मठवाशांपुढें दोन दिवस वाचवून तपासून घेतलें. बायबलावरील कांहीं भाष्यांत पूर्वाचार्यांचीं वचनें घेतलीं तेथें समासांत त्यांच्या नांवांचीं आद्याक्षरें घातलीं, आणि नक्कल करणारांनीं तीं गाळूं नयेत, अशी विनंतीहि केली. दुसऱ्याचें धन आपलें म्हणून मिरविणें त्याला चोरीसारखें वाटे.

तथापि श्रद्धेनें त्याची दृष्टि जशी निर्मळ केली तशी एके ठिकाणीं ती झांकलीहि. सातव्या शतकाच्या आरंभीं चेस्टरच्या लढाईच्या वेळीं बँगोरचे सुमारें १२०० ब्रिटन मठवासी मारले गेले, असें तो लिहितो. हे लोकहि ख्रिस्तीच होते. परंतु ईस्टरची गणना व अन्य आचार ह्यांत त्यांनीं रोमचें ऐकलें नव्हतें. बीडला ह्या कत्तलींत ईश्वरी शासन दिसलें. ज्याच्या मनांत इतरत्र एवढी करुणा आहे, त्यानें ह्या निःशस्त्र मृतांसाठीं हळहळ व्यक्त करूं नये, हें वाचतांना खुपतें. कोणाचें स्मरण करावयाचें ह्याबरोबरच तें कोणत्या भावनेनें करावयाचें, हाहि इतिहासकाराच्या सत्त्वपरीक्षेचा प्रश्न आहे.

शिक्षणाच्या बाबतींत मात्र त्याचें मन मोकळें होतें. शिकणें, शिकविणें व लिहिणें ह्यांतच आपल्याला सदैव आनंद वाटला, असें त्यानें स्वतःविषयीं म्हटलें आहे. इ. स. ७३४ मध्यें यॉर्कचा बिशप एग्बर्ट ह्यास लिहिलेल्या पत्रांत, ज्यांना लॅटिन येत नाहीं त्यांना प्रभूची प्रार्थना व विश्वासांगीकार त्यांच्याच भाषेंत शिकवावा, असा त्याचा आग्रह आहे. सामान्य जनच काय, लॅटिन न जाणणारे धर्मगुरुहि त्यानें ह्यांत धरले आहेत.

पुढच्याच वर्षीं, इ. स. ७३५ च्या मे महिन्यांत, तो मृत्युशय्येवर पडला. त्याचा शिष्य कथबर्ट ह्यानें त्या दिवसांची हकीगत लिहून ठेविली आहे. श्वास लागत असतांहि बीड योहानाच्या शुभवर्तमानाचें इंग्लिश भाषांतर सांगत होता आणि एक मुलगा तें उतरून घेत होता. आपल्या मागें शिष्यांनीं चुकीचें कांहीं वाचूं नये व त्यांचे श्रम फुकट जाऊं नयेत, ही त्याची चिंता. मग त्यानें आपली लहानशी पेटी मागविली. तींत थोडीं मिरीं, कांहीं रुमाल आणि धूप एवढेंच होतें; तें त्यानें सोबत्यांना वांटून दिलें व आपल्यासाठीं प्रार्थना करीत जा, असें त्यांना विनविलें. दक्षिण हिंदुस्थानांत पिकणारीं मिरीं त्या काळीं जॅरोसारख्या ठिकाणीं अपूर्वाईची वस्तु होती. शेवटचें वाक्य लिहून झाल्यावर थोड्याच वेळांत त्यानें प्राण सोडला.

तें भाषांतर आज उपलब्ध नाहीं. इ. स. ७९३ मध्यें लिंडिसफार्नवर उत्तरेकडील दर्यावर्दी टोळ्यांची धाड आली आणि त्या किनाऱ्यावरील मठांचा वैभवकाळ ओसरूं लागला. परंतु तोंवर बीडच्या इतिहासाच्या प्रती दूरवर पोंचल्या होत्या. त्याच्या मृत्यूनंतर थोड्याच वर्षांत घाईघाईनें लिहिलेली एक प्रत केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत अद्याप आहे. आल्बिनस, नॉथेल्म आणि बँगोरचे ते मृत मठवासी ह्या सर्वांची आठवण त्याच पानांनीं आजवर जपली आहे.