बचाव भक्कम की किक लांब?

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या 2023 च्या हंगामात आयोवा विद्यापीठाच्या संघाने 10 सामने जिंकले, 4 गमावले. सामन्यामागे त्यांचे सरासरी गुण 15.4 आणि प्रतिस्पर्ध्यांचे 14.8. यार्डांच्या हिशेबात त्यांचं आक्रमण अव्वल विभागातल्या 133 संघांत तळाला होतं. मग दहा विजय आले कुठून? बचावफळीमुळे, असं कुणीही म्हणेल. पण हे उत्तर अर्धंच आहे.

या खेळात 10 यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. तीन फसले की बहुतेक संघ पंट करतात, म्हणजे चेंडू लांब लाथाडून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलतात. आयोवाचा ऑस्ट्रेलियन पंटर टॉरी टेलर याने त्या हंगामात पंटचे 4,479 यार्ड नोंदवून राष्ट्रीय विक्रम केला.

मागे ढकलण्याची किंमत किती, हे 1971 मध्येच मोजलं गेलं. क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार, म्हणून व्यावसायिक फुटबॉल खेळणारा व्हर्जिल कार्टर आणि संशोधक रॉबर्ट मॅकोल यांनी 1969 च्या व्यावसायिक सामन्यांतल्या हजारो चाली तपासल्या. संघाची चढाई, म्हणजे सलग चालींची मालिका, स्वतःच्या गोलरेषेपासून 5 यार्डांवर सुरू होत असेल, तर तिचं अपेक्षित मूल्य उणे सव्वा गुण भरलं. पुढचे गुण प्रतिस्पर्ध्याने मिळवण्याचीच शक्यता जास्त. समोरच्याच्या गोलरेषेपासून 5 यार्डांवर तेच मूल्य सहाच्या आसपास गेलं.

म्हणजेच बचावफळीने किती गुण दिले, एवढं पाहून भागत नाही. प्रतिस्पर्ध्याची चढाई कुठून सुरू झाली, तेही पाहावं लागतं. आयोवाच्या बचावफळीच्या आकड्यांत टेलरच्या पायाचाही वाटा आहे.

आक्रमणाचंही तसंच. पहिल्या प्रयत्नात 5 यार्ड मिळाले तर ती चाल यशस्वी, कारण निम्मं अंतर कापलं गेलं. तिसऱ्या प्रयत्नात 8 यार्ड हवे असताना 7 मिळाले तर चाल फसली. आज विश्लेषक साधारणपणे पहिल्या प्रयत्नात गरजेच्या निम्मे, दुसऱ्यात 70 टक्के आणि नंतर पूर्ण यार्ड मिळाले, तरच चाल यशस्वी धरतात. निकाल स्पष्ट झाल्यानंतरच्या चाली ते वगळतात. चाली किती झाल्या याचाही फरक पडतो: झटपट खेळणाऱ्या संघाच्या बचावफळीला जास्त चाली अडवाव्या लागतात, म्हणून सामन्याऐवजी चालीमागे हिशेब करणं न्याय्य ठरतं.

शेवटची दुरुस्ती प्रतिस्पर्ध्याची. हंगामात जेमतेम बारा-पंधरा सामने होतात आणि बहुतेक संघ एकमेकांना भेटतही नाहीत. त्यामुळे प्रत्येक चाल कुणाविरुद्ध झाली, हे मोजणीत धरावंच लागतं. त्या वर्षी पेन स्टेट, मिशिगन आणि टेनेसी या तगड्या संघांविरुद्ध आयोवाला एकही गुण मिळाला नाही. दहा विजयांच्या आकड्यात ही दुबळी बाजू झाकली जाते.

आयोवाची बचावफळी उत्तमच होती, पण ती एकटी जिंकली नाही. कोणत्याही संघाबद्दल मत बनवण्याआधी तीन गोष्टी विचारा: चढाई कुठून सुरू झाली, चाली किती झाल्या आणि समोर कोण होतं?