आंब्याच्या पेटीची झाली पाटी

आज एक काम करा. घराचा जिना चढताना किंवा आपल्या गल्लीतून चालताना प्रत्येक दारावरची पाटी नीट वाचा. नुसती वाचू नका, वहीत उतरवून घ्या. कोणाचं नाव आहे? नुसतं आडनाव की पूर्ण नाव? आजोबांचं की बाबांचं? आईचं आहे का? आणि तुमचं?

माझ्या चौथीच्या वर्गाला मी हाच गृहपाठ दिला होता. आपल्या बिबवेवाडीत सगळ्या तऱ्हेची घरं आहेत. सोसायट्या आहेत, बंगले आहेत, टेकडीच्या अंगाने चढत गेलेल्या अप्पर इंदिरानगरच्या वस्त्या आहेत. दुसऱ्या दिवशी वह्या तपासायला घेतल्या तर काय मजा! एकाच गल्लीत तीन ‘आशीर्वाद’ निघाले आणि तिन्ही वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिलेले. बहुतेक पाट्यांवर घरातल्या पुरुषांचीच नावं. एका मुलीची वही मात्र कोरी होती.

“बाई, आमच्या ओळीत कुणाच्याच दारावर पाटी नाही. आमचं घर भाड्याचं आहे. भाड्याच्या घराला पाटी लावतात का?”

लावतात तर! घर भाड्याचं असलं तरी राहणारी माणसं काही भाड्याची नसतात. फक्त मालकाच्या भिंतीला न विचारता खिळा ठोकायचा नाही. पाटी दोरीने टांगायची आणि घर बदललं की पिशवीत घालून बरोबर न्यायची. आज आपण तशीच एक पाटी करणार आहोत. लाकडाची, थोडी ओबडधोबड, गावरान.

पाट्या म्हटलं की पुण्याचं नाव आधी निघतं. ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ अशा धर्तीच्या पाट्या वाचून तुम्हीही हसला असाल. पण पाटीवर नाव लिहायची हौस पुण्याच्या पेठांपेक्षा कितीतरी जुनी आहे. पुणे-लोणावळा लोकलने मळवली स्टेशनला उतरा आणि भाज्याच्या लेण्यांकडे चढून जा. तिथल्या चैत्यगृहाच्या कमानदार छताला लाकडी तुळया आहेत. दगडात कोरलेल्या नव्हेत बरं का, खऱ्याखुऱ्या लाकडाच्या. त्यांच्यापैकी काही तुळयांवर ब्राह्मी लिपीतले छोटे लेख सापडले. ते इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानले जातात. म्हणजे लाकडावरची ती अक्षरं दोन हजार वर्षांहून अधिक काळ टिकली आहेत! का टिकली? वर कातळाचं छत, त्यामुळे पावसाचा मारा नाही की उन्हाचा तडाखा नाही. लाकडाचे शत्रू कोण, याचं उत्तर इथेच मिळालं. आपली पाटी कुठे टांगायची ते ठरवताना हे लक्षात ठेवा.

आता लाकूड. त्यासाठी झाड तोडायचं नाही. शहरातलं झाड परवानगीशिवाय तोडणं हा गुन्हाच आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ सालचा कायदा आहे. आपल्याला एक फळी हवी, आणि फळ्यांचं भांडार आपल्या शेजारीच आहे. गुलटेकडीचं मार्केट यार्ड! मार्च ते मे या दिवसांत तिथे कोकणातून आंब्याच्या लाकडी पेट्या येतात. हल्ली पुठ्ठ्याची खोकी वाढली आहेत, तरी लाकडी पेटी अजून दिसते. काश्मिरी सफरचंदांच्या पेट्या बऱ्याचदा पॉप्लर नावाच्या झाडाच्या असतात, हलक्या आणि पांढुरक्या. फळवाल्या काकांना विचारलंत तर मोडकी पेटी सहज मिळेल. जरा जाड फळी हवी असेल तर भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये किंवा जवळच्या सुताराकडे उरलेले तुकडे मिळतात.

पालकांसाठी एक सूचना. परदेशी मालाबरोबर आलेल्या जाड लाकडी चौकटीही भंगारात मिळतात. त्यांच्यावर गव्हाच्या लोंबीसारखा छाप असतो आणि शेजारी रोमन अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर ते लाकूड नुसतं तापवून कीडमुक्त केलेलं असतं, ते घ्यायला हरकत नाही. ‘एमबी’ असेल तर त्यावर विषारी वायूची प्रक्रिया झालेली असते. ते मुलांच्या हाती देऊ नका.

पेटी घरी आली की पहिलं काम मोठ्यांचं. अंबूर घेऊन सगळे खिळे उपटून काढायचे आणि मोजून डब्यात टाकायचे. गंजका खिळा लागला तर जखम साबणाने धुवा आणि डॉक्टरांकडे जा. धनुर्वात ही थट्टा नाही. मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी त्याची लस देतात, ती राहून गेली असेल तर या निमित्ताने देऊन टाका.

आता फळी तुमच्या ताब्यात. साधारण ३० सेंटिमीटर लांब आणि १२ सेंटिमीटर रुंद असा तुकडा बाबांकडून किंवा आईकडून करवतीने कापून घ्या. कडा थोड्या वेड्यावाकड्या राहिल्या तर राहू द्यात, त्यातच गंमत आहे. फळीवर एखादा गोल, गडद डाग दिसेल. ती गाठ. त्या जागी झाडाला फांदी फुटली होती. ती लपवू नका, तिथेच एखादं अक्षर किंवा चित्र बसवा. पॉलिश पेपर घ्या, आधी ८० नंबरचा, मग १२० चा. नंबर जितका मोठा, तितका कागद मऊ. घासायचं ते लाकडाच्या रेघांच्या दिशेने. आडवं घासलंत तर ओरखडे पडतात आणि रंग दिल्यावर ते अधिकच उठून दिसतात. तळहात फिरवून बघा, कूस टोचली नाही म्हणजे झालं.

यानंतरचा भाग माझ्या आवडीचा, अक्षरं! घाईने ब्रश उचलू नका. फळीच्या मापाचा कागद घ्या आणि त्यावर आडव्या दोन रेघा मारा. वरून ३ सेंटिमीटर सोडून पहिली, तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी. पहिली रेघ ही आपली शिरोरेषा. वरच्या जागेत वेलांट्या, मात्रा आणि रफार बसतील. मधल्या ५ सेंटिमीटरमध्ये अक्षराचं अंग, आणि खाली उरलेल्या ४ सेंटिमीटरमध्ये उकार. इंग्रजी पाटीला एवढी तजवीज लागत नाही, पण देवनागरी अक्षर वर आणि खाली दोन्हीकडे हातपाय पसरतं. ही जागा न सोडल्यामुळेच कितीतरी पाट्यांवर उकार चौकटीवर आपटलेले दिसतात.

अक्षरांची बैठक सुंदर कशी असते ते बघायचं असेल तर घरच्या संगणकावर ‘मंगल’ नावाचा फॉन्ट उघडून बघा. तो र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकारांनी घडवला. पण नक्कल करू नका हं. तुमचं अक्षर तुमचंच असू द्या, फक्त शिरोरेषा डगमगू नये.

कागदावर मनासारखं जमलं की कागद उलटा करा आणि मागच्या बाजूला मऊ पेन्सिल आडवी धरून गडद फासा. आता कागद सुलटा करून फळीवर चिकटपट्टीने बसवा आणि अक्षरं पुन्हा गिरवा. फळीवर फिकट ठसा उमटेल. कागद आधी मधोमध दुमडून घेतलात तर नाव बरोबर मध्यभागी येतं.

पण थांबा, रंग द्यायच्या आधी शुद्धलेखन! वहीतली चूक खोडता येते, दारावरची चूक वर्षानुवर्षं पाहुण्यांना वाचून दाखवावी लागते. ‘आशीर्वाद’ मध्ये ‘शी’ दीर्घ आणि रफार ‘वा’ वर, ‘शी’ वर नाही. ‘आर्शिवाद’ ही मंडळी पुण्यात भरपूर आहेत, त्यांच्यात भर नको. ‘स्मृती’ मराठीत दीर्घ. ‘मातृछाया’ सगळीकडे दिसतं, पण संस्कृत संधीच्या नियमाने ते ‘मातृच्छाया’ होतं. शंका आली तर शब्दकोश उघडा किंवा शाळेत येऊन विचारा.

आणि पाटीवर नाव कोणाचं लिहायचं? हे एकट्याने ठरवू नका, रात्री जेवताना सगळ्यांना विचारा. माझ्या मते घरात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव असावं, आजीचंसुद्धा. आजीला तिच्या नावाने हाक मारणारं घरात कुणी उरलेलं नसतं. सगळ्यांच्या तोंडी ती ‘आजी’ किंवा ‘आई’. तिचं नाव दारावर यायला काय हरकत आहे? सरकारी कागदांतही आता आईची आठवण झाली आहे. मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्र सरकारने नियम केला, की मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडिलांचं आणि मग आडनाव. त्या कोऱ्या वहीच्या मुलीने पाटीवर पाच नावं लिहिली. पहिलं आईचं, शेवटचं पाळण्यातल्या भावाचं. आडनाव लिहायला जागाच उरली नाही, म्हणून ते तिने फळीच्या कडेवर उभं लिहिलं! मला तर ते फारच आवडलं.

रंग कोणता? बाजारात अ‍ॅक्रिलिक रंग मिळतात. पण गावरान पाटीला गेरू शोभतो. गेरू म्हणजे लोखंडाचा गंज मिसळलेली माती, तो उन्हाने विटत नाही. चमचाभर गेरू, थोडं पाणी आणि थोडा फेव्हिकॉल एकत्र घोटा, की झाला रंग. पातळ ब्रशने आधी अक्षरांच्या कडा आणि मग पोट भरा.

जाता जाता एक गंमत. आपल्या बिबवेवाडीच्या नावातच बिबवा ऐकू येतो ना? बिबव्याच्या फळाचा काळा रस कापडावर पडला की धुऊन निघत नाही. परीट लोक त्यानेच कपड्यांवर खुणा करत. इंग्रजीत त्याचं नावच ‘मार्किंग नट’. मग पाटी बिबव्याने रंगवायची का? मुळीच नाही! हा रस अंगाला लागला तर बिबवा उततो, कातडीवर फोड येतात. आपला गेरू बरा.

रंग पूर्ण वाळला की फळीला जवसाच्या तेलाचा किंवा वॉर्निशचा हात द्या. पुढून, मागून आणि चारी कडांना. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडू नका. आषाढ-श्रावणात दारं फुगून घट्ट बसतात ना? लाकूड हवेतला ओलावा पितं आणि रुंदीत फुगतं. एकच बाजू तेलवलेली असेल तर दुसरी बाजू जास्त पाणी पिते आणि फळी पन्हळीसारखी वाकते.

तेल पुसलेल्या चिंधीबद्दल मात्र कडक ताकीद. जवसाचं तेल वाळताना हवेतला प्राणवायू घेतं आणि गरम होतं. चिंधीचा बोळा करून कोपऱ्यात टाकलात तर ती आपोआप पेट घेऊ शकते. चिंधी पाण्यात बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा. हे काम घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः बघायचं.

आता वरच्या दोन कोपऱ्यांत गिरमिटाने भोकं पाडून घ्या, फळीच्या टोकापासून दोन बोटं आत, म्हणजे फळी चिरणार नाही. त्यातून सुतळी किंवा काथ्याची दोरी ओवा आणि मागून गाठी मारा. पाटीच्या मागे खालच्या बाजूला बाटलीच्या बुचाचे दोन तुकडे चिकटवा. त्यामुळे पाटी भिंतीपासून थोडी सुटी राहते आणि मागून वारा खेळतो. टांगायला दाराची जाळी, कडी किंवा आधीच असलेला खिळा शोधा. दारातल्या झाडाला मात्र खिळा ठोकू नका. पुण्यातल्या तरुणांनी २०१८ च्या सुमारास झाडांमधले खिळे उपटून काढायची मोहीम सुरू केली होती, ती उगाच नव्हे. खिळ्याच्या जखमेतून झाडात कीड आणि बुरशी शिरते.

छप्पर नसलेल्या दारावर पाटी टांगली असेल तर पावसाळ्यात ती घरात आणून ठेवा. दिवाळीच्या साफसफाईत कोरड्या फडक्याने पुसा, पुन्हा तेलाचा एक हात द्या आणि लावा दारावर. घरात नवं बाळ आलं असेल, तर त्याच्या नावापुरती जागा कुठे आहे तेही तेव्हाच बघून घ्या.