दुसऱ्या खेपेचे दुःख

यंदाच्या अविधवा नवमीला मी दाजींच्या घरी गेलो होतो. थोरल्या बहिणीच्या नावाने पान वाढायचे होते. जेवणे उरकल्यावर भाची ओसरीवर येऊन बसली आणि इकडचे तिकडचे न बोलता म्हणाली, "मामा, आज्याला झाला, आईला झाला. आता माझा नंबर कधी?"

तिचे वय चौतीस. दोन लेकरे. शिरूर कासार तालुक्यातल्या असंख्य घरांप्रमाणे वर्षातले पाच-सहा महिने ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला असते. अंगावरून पांढरे जाते म्हणून ती एका खासगी दवाखान्यात गेली होती. घरात दोघांना कॅन्सर होऊन गेल्याचे तिने सांगताच डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाका, डोक्याला ताप नको. पैशाची सोय मुकादमाच्या उचलीतून होणार होती.

मी डॉक्टर नाही. बारावीनंतर शिक्षण सुटले, पतसंस्थेत कारकुनी केली, आणि गेली वीसेक वर्षे आपल्या भागातल्या सुतकाच्या, दहाव्याच्या, रडण्याच्या रीती वहीत टिपत आलो. तो छंद अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, मृत्यूनंतर लागला. अक्का गेल्यावर मात्र लक्षात आले की, पहिल्या दुःखावर मी जे काही शिकलो होतो ते दुसऱ्याला पुरत नाही. हा लेख त्या न पुरण्याबद्दल आहे.

अण्णांना २००३ साली गालाच्या आतल्या बाजूला जखम झाली. तंबाखू आणि चुन्याची डबी त्यांच्या बंडीच्या खिशात आयुष्यभर होती. तपासणीचा कागद आम्ही भावंडांनी लपवला आणि त्यांना 'दाढेचं दुखणं' सांगितले. आईलाही तेच. सहा महिने सगळे घर एका दाढेभोवती नाटक करत राहिले. एके दिवशी अण्णांनी सातबारा आणि सोसायटीचे पासबुक मागवून उशाशी ठेवले आणि म्हणाले, "मला काय झालंय ते तुम्ही सांगू नका, पण कागद आत्ताच बघून घ्या." त्यांना ठाऊक होते. आम्हाला ठाऊक आहे हेही त्यांना ठाऊक होते. तरीही शेवटपर्यंत बोलणे झाले नाही.

अक्काला रक्तस्राव सुरू झाला तो २०१७च्या हंगामात, ऐन कोपीवर. तिने कोणाला सांगितले नाही. खाडा पडला तर पैसे कापले जातात, हे एक कारण. पण खरे कारण तिने मला पुढे रुग्णालयात सांगितले: "अण्णाचं बघितलंय की मी." कॅन्सर म्हणजे नाकातली नळी, तोंडाचा वास, बंद खोली आणि सहा महिने, एवढेच तिला माहीत होते. ते चित्र तिच्या मनात इतके पक्के होते की आपल्याला तेच झाले असेल तर कळूनच घ्यायचे नाही, असे तिने ठरवले. हंगाम संपवून ती एप्रिलमध्ये परत आली तोवर रोग पसरला होता. २०२० च्या जानेवारीत ती गेली.

कुटुंबावर दुसऱ्यांदा आघात होतो तेव्हा पहिला आघात नकाशासारखा वापरला जातो, आणि तो नकाशा बहुधा चुकीचा असतो. अण्णांचा रोग तोंडाचा, तंबाखूचा. अक्काचा गर्भाशयमुखाचा. तो बहुतेक सर्व वेळा ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या वर्षानुवर्षे टिकलेल्या संसर्गातून होतो. हा संबंध उलगडणाऱ्या हाराल्ड त्सूर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञाला २००८ साली नोबेल मिळाले. दोन्ही रोगांचे कारण वेगळे, वाट वेगळी, उपचारही वेगळे. समान आहे ते फक्त नाव. आपण 'ताप' या एका शब्दाखाली हिवताप आणि विषमज्वर एक करत नाही. 'कॅन्सर'बाबत मात्र सर्रास करतो, आणि मग दोन वेगळ्या दुर्घटना एका घराण्याचा शाप होऊन बसतात.

शापाची शंका सर्वस्वी वेडगळ आहे असेही नाही. १८९५ साली अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी एका शिवणकाम करणाऱ्या बाईने ऑल्ड्रेड वॉर्थिन या डॉक्टरांना सांगितले होते की, माझ्या घराण्यातली माणसे पोटाच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. ती तशीच गेली, तरुणपणी. वॉर्थिन यांनी तिच्या घराण्याची वंशावळ मांडून १९१३ मध्ये प्रसिद्ध केली आणि पुढे हेन्री लिंच यांनी त्याच धाग्यावरून आनुवंशिक आतड्याच्या कॅन्सरचा शोध घेतला. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेली बीआरसीए ही जनुके १९९४-९५ मध्ये सापडली. पण एकूण कॅन्सरपैकी असे ठळक आनुवंशिक शंभरात पाच ते दहाच. त्यांची खूणही वेगळी असते: एकाच बाजूच्या नात्यात, एकाच किंवा परस्परांशी जोडलेल्या अवयवांचा रोग, अनेकांना, आणि लहान वयात. तसे असेल तर जनुकीय सल्ला घ्यायलाच हवा. आमच्या घरात तसे नव्हते. आमच्या घरात वारशाने आले होते ते तंबाखूची डबी, दवाखाना टाळण्याची सवय आणि हंगाम.

भाचीला मी हेच समजावू लागलो तर ती म्हणाली, "मग पिशवी काढली तर बिघडतं काय?" प्रश्न रास्त होता. आपल्या बीड जिल्ह्यात हा प्रश्न हजारो बायकांनी स्वतःला विचारला आहे. २०१९ च्या जूनमध्ये विधिमंडळात सरकारने सांगितले की तीन वर्षांत जिल्ह्यात ४,६०५ गर्भाशये काढली गेली. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, आणि खासगी रुग्णालयांवर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. त्या वेळी चर्चा झाली ती पाळी, खाडा आणि मुकादम यांची. ती योग्यच होती. पण आमच्या भागातल्या बायकांशी बोलताना मला आणखी एक शब्द सतत ऐकू येई, तो म्हणजे भीती. आई त्याने गेली, सासू त्याने गेली, म्हणून काढून टाकली. शोकाला वाट मिळाली नाही की तो असा शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत जाऊन पोचतो. चाळिशीच्या आत गर्भाशय काढले, त्यातही अंडाशये काढली, तर अकाली रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होतात. कोयता उचलणाऱ्या बाईला हे परवडणारे नाही.

दुसरा उपाय फार लांब नव्हता. आपल्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यात बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालयाने मुंबईच्या टाटा रुग्णालयाच्या आणि आंतरराष्ट्रीय कॅन्सर संशोधन संस्थेच्या सोबतीने १९९९ पासून एक मोठी पाहणी केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया तीत होत्या. गावांचे गट पाडून एका गटाला विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पेशींची, तिसऱ्याला व्हिनेगरसारखे ॲसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीचीच सेवा. २००९ मध्ये निष्कर्ष आले. विषाणूची चाचणी एकदाच झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या जवळपास निम्मे होते. चाचणीत विषाणू न सापडलेल्या स्त्रियांपैकी आठ वर्षांत या रोगाने एकही दगावली नाही. जगभरच्या धोरणांना आधार ठरलेली ही माहिती आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या, ज्वारीच्या रानात राबणाऱ्या बायकांनी दिली आहे. अक्काला ती कधी कळली नाही. मलाही ती गेल्यानंतर कळली, ही माझी बोच.

आता शोकाबद्दल. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांच्या पाच पायऱ्या, म्हणजे नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, मराठी वाचकाला एव्हाना पाठ आहेत. पण १९६९ च्या त्यांच्या पुस्तकात त्या मरणाऱ्या रुग्णांच्या मुलाखतींवरून मांडल्या होत्या, मागे राहणाऱ्यांच्या नव्हे. त्याच साली रॉबर्ट कास्टेनबॉम या मानसशास्त्रज्ञाने वृद्धांबद्दल लिहिताना एक वेगळी गोष्ट सांगितली, ती मला आमच्या घरासाठी जास्त उपयोगी वाटते. एकामागून एक मृत्यू आले की माणसाला आधीच्या शोकाचे काम पुरे करायला सवडच मिळत नाही, शोक साचतो. त्यासाठी त्यांनी जो शब्द वापरला त्याचा अर्थ 'शोकाचा अतिभार'. गाडीत टायरच्या वर ऊस भरतात तसा.

यावर आपल्या धर्मशास्त्राचा तोडगा पाहण्यासारखा आहे. त्याला आशौचसंपात म्हणतात. एक सुतक चालू असताना दुसरे तसेच सुतक आले, तर काही अपवाद वगळता पहिल्याबरोबरच दुसरेही संपते. मनुस्मृतीत हा नियम आहे, आणि २०२१च्या एप्रिल-मेमध्ये घरोघरी दहा दिवसांत दोन मृत्यू झाले तेव्हा पंचांगे उघडून लोक तो शोधत होते. व्यवहार म्हणून नियम शहाणपणाचा आहे; माणसाने अनंतकाळ शिवू नये असे राहायचे तरी किती? पण सुतक एकात एक मिसळते, दुःख मिसळत नाही. आणि ऊसतोडीच्या घरात तर सुतकही पुरे होत नाही. अक्काचा मुलगा कारखान्यावरून अग्नी द्यायला आला, तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि त्याच रात्री परत गेला. दहाव्याचे केस त्याने उसाच्या फडात काढले.

आईचे मात्र मला वेगळेच दिसले. अक्काला बाहेर काढल्यावर आई हेल काढून रडू लागली, आणि रडता रडता अण्णांना बोलू लागली. लेकीला पुढे होऊन घ्या, तिला डोंगराकडची वाट ठाऊक नाही, तुमचे कागद अजून पेटीत आहेत. सतरा वर्षांपूर्वीचे, दाढेच्या नाटकाखाली दबलेले सगळे तिने त्या दुपारी लेकीच्या निमित्ताने बाहेर काढले. माझ्या वहीत अशा रडण्याच्या बऱ्याच नोंदी आहेत आणि जवळपास प्रत्येकीत आधीचे मेलेले येतात. नव्या मड्यावर जुने रडून घेणे याला आमच्याकडे कोणी दोष मानत नाही. शिकलेल्या पोरांना मात्र त्याची लाज वाटते. त्या दिवशी मलाही वाटली, आणि मी आईला गप्प करायला गेलो. शेजारच्या म्हातारीने माझा हात धरून मागे ओढले.

मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक श्युट या डच अभ्यासकांनी १९९९ मध्ये शोकाचे जे वर्णन केले ते आईच्या वागण्याशी बरेच जुळते. त्यांच्या मते शोकातला माणूस पायऱ्या चढत नाही, तो हेलकावे खातो. कधी गेलेल्याकडे, कधी समोरच्या कामाकडे. दोन्हीकडे जाता येणे हे बरे असल्याचे लक्षण. एकाच टोकाला अडकणे वाईट. आई सकाळी रडे आणि दुपारी शेळ्यांना पाला घाली. मी मात्र वर्षभर फक्त कामाच्या टोकाला होतो: दाखले, विम्याचे कागद, वही. झोप गेली, तंबाखू सुटलेला असूनही रोज आरशात गाल उलटून पाहू लागलो. सहा महिन्यांहून अधिक काळ अशी अडकलेली, रोजचे जगणे थांबवणारी अवस्था जागतिक आरोग्य संघटनेच्या नव्या रोगसूचीत 'लांबलेला शोक' म्हणून स्वतंत्र नोंदली आहे आणि तिच्यावर बोलण्याचे उपचार आहेत. सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा २०२२ पासून मराठीतही आहे. मी फोन केला तेव्हा पहिली पाच मिनिटे मला बोलताच आले नाही. पलीकडची मुलगी थांबून राहिली.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या खेपेला आम्ही वेगळी केली. अक्कापासून कागद लपवला नाही. दाजींचा विरोध होता. पोरीचा धीर सुटेल, ते म्हणत. पण किरणोपचाराला, ज्याला आमच्याकडे 'शेक' म्हणतात, ती पहिल्यांदा गेली त्या संध्याकाळी मी तिला विचारले की तुला किती कळून घ्यायचे आहे. ती म्हणाली, "सगळं. पण एकदम नको." त्यानंतर दोन वर्षे आम्ही थोडे थोडे बोलत गेलो. तिने भाचीच्या नावे दोन पाटल्या ठेवल्या, दाजींशी जुने भांडण मिटवले, आणि मला अण्णांबद्दल बोलू दिले. तिच्या जाण्याने मी मोडलो, पण अण्णांच्या वेळचा तो चोरल्यासारखा भाव या वेळी नव्हता. सर्वांना हे मानवेल असे नाही. काही माणसांना खरेच कळून घ्यायचे नसते आणि तो त्यांचा हक्क आहे. फक्त तो हक्क त्यांनी वापरायचा असतो, आपण त्यांच्या वतीने नाही.

भाचीला मी उत्तर दिले ते एवढेच: तुझा नंबर कुठल्याही यादीत लागलेला नाही, पण तुझी तपासणी मात्र राहिली आहे. आशाताईंशी बोलून आम्ही बीडला जायचे ठरवले. तपासणीसाठी भाऊबीजेनंतरचा मंगळवार मिळाला आहे. मुकादम म्हणतो, यंदा टोळी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच दिवशी निघेल. त्याच्याशी बोलायला उद्या मी आणि दाजी जाणार आहोत. दोन दिवसांचा खाडा किती लावतो ते विचारायचे आहे.